वाळवंटातलं पहिलं ‘नको’

या वर्षी जुलैच्या मध्यालाच आमचं लॉन चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखं झालं. होजपाइप गुंडाळून ठेवा, असं पाणी कंपनीचं पत्र आलं. तेव्हापासून माझी बायको विद्या डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यातून बाहेर नेते आणि कढीपत्त्याच्या कुंडीला घालते. गुलाबांकडे ती बघतही नाही. शेजारचे गृहस्थ एरवी पावसाबद्दल तक्रार करतात, ते आता पाऊस नसल्याबद्दल तितक्याच तन्मयतेने करतात. हॅरोच्या टेकडीवरचं गवत पांढरं पडलंय, लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या डब्यात घामेजलेली माणसं एकमेकांना ‘सॉरी’ म्हणतायत, आणि माझी उजवी टाच दुखायला लागली आहे.

टाच दुखायला डॉक्टरी कारण काही नाही. गवताचा हा रंग दिसला की तिला वाळवंट आठवतं, एवढंच. आणि आमचं वाळवंट वेल्समध्ये आहे.

दोन हजार सहाचा उन्हाळा ज्यांनी या देशात काढला, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तेव्हा आमचं एक रविवारचं मंडळ होतं. मंडळ म्हणजे कुणाच्या तरी फ्रंट रूममध्ये जमलेली चार-पाच माणसं, अर्धा तास ध्यान आणि दीड तास साबुदाण्याची खिचडी. मंडळाचे प्रमुख जोगकाका, वॉटफर्डचे. रेल्वेत सिग्नलचं काम करून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचं अध्यात्मही लाल-हिरवं होतं: हे चालेल, हे चालणार नाही. जूनमधल्या एका रविवारी त्यांनी खिचडीचा शेवटचा घास संपवला, हात पुसले आणि जाहीर केलं की आता वाळवंटात गेल्याशिवाय आपली प्रगती नाही.

“सगळ्या धर्मांची माणसं देव शोधायला वाळवंटात गेली आहेत,” ते म्हणाले. “फ्रंट रूममध्ये कुणी गेलेलं नाही.”

“काका, हॅरोहून जवळचं वाळवंट कुठलं पडेल?” मी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे ट्युनिशिया, उंट आणि स्विमिंग पूल असलेलं हॉटेल तरळून गेलं होतं.

“वेल्स.”

मग त्यांनी नकाशा पसरला. वेल्सच्या बरोबर पोटात डोंगरमाथ्याचा एक मोठा तुकडा आहे. तिथे गाव नाही, रस्ता नाही, झाडसुद्धा जवळजवळ नाही. मैलोन्‌मैल नुसतं गवत. लोक त्याला हिरवं वाळवंट म्हणतात. शुक्रवार ते सोमवार तंबू पाठीवर घेऊन तिथे चालायचं, आणि शनिवारच्या सूर्योदयापासून सोमवारच्या दुपारपर्यंत पूर्ण मौन पाळायचं. बोलणं नाही, लिहून दाखवणं नाही. कुणाचा पाय मोडला तर मात्र बोललेलं चालेल.

“मोडला नाही, नुसता मुरगळला तर?” विद्याने विचारलं. जोगकाकांनी विचार केला आणि लाल सिग्नल दिला.

विद्याने तेव्हाच ठरवून टाकलं की मिलिंदलाही न्यायचं. मिलिंद तिचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. दोन वर्षांच्या वर्क परमिटवर नागपूरहून आलेला, लंडनमध्ये कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर बघायचा आणि आमच्या बॉक्स रूममध्ये राहायचा. ती खोली इतकी लहान की तो तिरका झोपायचा. वय छत्तीस, लग्न नाही, आणि स्वभावाने इतका सभ्य की दाराशी पोचला तर दारालाच ‘आधी तुम्ही’ म्हणेल. सप्टेंबरात त्याचं परमिट संपणार होतं.

“दोन वर्षांत या पोराने ऑफिस, बॉक्स रूम आणि क्रिकेट यापलीकडे इंग्लंड बघितलं नाही,” विद्या म्हणाली. “जाण्यापूर्वी एवढं तरी बघू दे.”

“पण ते वेल्स आहे,” मी म्हणालो. माझ्या असल्या वाक्यांकडे आमच्या घरी कुणी लक्ष देत नाही.

पाचवी होती नीला, जोगकाकांची भाची. आम्हा चौघांपैकी कुणालाही तंबू ठोकता येत नसल्यामुळे तिला बोलावलं होतं. जन्म कार्डिफचा, नोकरी तिथल्याच एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्टची, आणि शनिवार-रविवार डोंगरात. पस्तिशीची, काटक, डोक्यावर लाल टोपी. तिचं मराठी आई-वडिलांच्या घरातून उचललेलं होतं, लिंगांची थोडी सरमिसळ झालेलं, पण सरळ. वाकडं वळण घेणं त्याला माहीतच नव्हतं.

मातीच्या कार पार्कमध्ये आमची पहिली भेट झाली. तिने सगळ्यांना रकसॅक उघडायला लावल्या. माझ्या रकसॅकमधून लोकरीचं आसन निघालं, गजराचं घड्याळ निघालं, चिवड्याचा स्टीलचा डबा निघाला, चालून दमल्यावर घालायला म्हणून आणलेले दुसरे बूट निघाले.

“आणि हे काय आहे?” तिने विचारलं.

“टॉवेल.”

“हा टॉवेल नाही. हा कार्पेट आहे.”

हे सगळं गाडीच्या डिकीत गेलं. चिवड्यासाठी मी थोडा प्रयत्न केला, पण तिने सांगितलं की स्टीलच्या डब्याचं वजन माझ्या गुडघ्यावर चौपट होऊन पडेल. फिजिओथेरपिस्टशी गुडघ्यावरून कोण वाद घालणार?

आता त्या वाळवंटाबद्दल. त्या वर्षी ते हिरवंही नव्हतं. डोंगरामागे डोंगर, आणि सगळे सिंहाच्या पाठीसारखे पिवळे. गुडघ्याएवढ्या गवताचे झुबके, वारा आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झोपायचे आणि पुन्हा उठून बसायचे. जिथे एरवी माणूस मांडीपर्यंत रुतायचा म्हणे, त्या दलदलीला भेगा पडल्या होत्या आणि त्यांतून काळी माती तापलेल्या तव्यासारखी वास सोडत होती. वर तांबूस घारी, शेपटीला मधोमध खाच असलेल्या, पंख न हलवता तासन्‌तास गोल फिरत होत्या. त्यांचं ध्यान आमच्यापेक्षा चांगलं लागलेलं दिसत होतं. आणि चंडोल. तो दिसायचा नाही. वर निळ्यात कुठेतरी सूक्ष्म ठिपका होऊन तो असा गात सुटायचा की त्याला कुणी मौनाचं सांगितलंच नसावं.

शुक्रवारी संध्याकाळी पहिला मुक्काम. त्या देशात जुलैत उजेड हलायचं नाव घेत नाही, त्यामुळे आमच्या तंबूंची फजिती बराच वेळ स्पष्ट दिसत राहिली. मी आणि विद्याने आमचा उलटा उभा केला. मिलिंदचा सुलट होता, पण तो आत शिरल्यावर पाय बाहेर राहत होते. ते बघून नीला हसली आणि त्याला तिरकं कसं झोपायचं ते दाखवायला गेली.

“तिरकं मला येते,” मिलिंद म्हणाला. “दोन वर्षांचा अनुभव आहे.”

मग ती दोघं दगडावर बसून बोलत राहिली. तो तिला नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल सांगत होता, कूलरच्या वाळ्याच्या वासाबद्दल, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा कसं दिसत नाही त्याबद्दल. “हे काहीच नाही ना. हे तर आमच्याकडची थंडी आहे,” असं म्हणून राहिला होता. ती गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती, मध्येच काहीतरी विचारत होती. आमच्या घरात दोन वर्षांत जितका बोलला नव्हता तितका तो त्या तासाभरात बोलला.

विद्याने मला कोपर मारलं. मला आधी वाटलं चिलट चावलं.

“अहो, बघितलंत का?”

“काय?”

“मिल्या हसतोय. दातसुद्धा दिसतायत.” ती कुजबुजली. “सप्टेंबरात हा परत गेला की आई पुन्हा पत्रिकांची पिशवी काढेल. तिकडे हा कुणाशी दोन वाक्यं बोलत नाही. आणि इथे बघा.”

“उद्यापासून मौन आहे,” मी आठवण करून दिली.

“तेच तर,” ती म्हणाली आणि जोगकाकांच्या तंबूकडे तिने अशा नजरेने पाहिलं की खुंट्या निघाल्या नाहीत हेच नवल.

शनिवारी सकाळी मौन लागलं. सुरुवातीला गंमत वाटते. माणूस गप्प झाला की आधी बुटांचा आवाज मोठा होतो, मग श्वासाचा, मग पोटाचा. नंतर डोक्यातला रेडिओ लागतो. माझ्या डोक्यात पहिले तीन तास बॉयलर सर्व्हिसिंगला कधी माणूस बोलवायचा हे चाललं होतं आणि नंतरचे दोन तास बटाटेवडे. बटाटेवड्यांचं ध्यान मात्र फार खोल लागलं. त्यातल्या लसणापर्यंत मी पोचलो होतो.

दुपारी एका ओढ्याशी थांबलो. ओढ्याचं पाणी आटून तीन-चार डबकी उरली होती, चहासारखी तपकिरी आणि बर्फासारखी गार. आम्ही बूट काढून पाय सोडले. त्या क्षणी कुणी मला मोक्षाबद्दल विचारलं असतं तर मी घोट्याकडे बोट दाखवलं असतं. नीला उतारावर फिरत होती. थोड्या वेळाने ती टोपी ओंजळीसारखी धरून आली. टोपीत जांभळी-काळी, मटाराएवढी रानफळं होती. डोंगरातल्या झुडपांवर उन्हाळ्यात येतात तसली, धूळ बसल्यासारखी निळसर साय असलेली.

तिने टोपी आधी मिलिंदपुढे धरली.

मिलिंदने छातीवर हात ठेवला, मान किंचित तिरकी केली आणि हसून ती नकारार्थी हलवली. मी बाजूलाच होतो म्हणून सांगतो, तो फार देखणा नकार होता. त्यात ‘तुम्ही घ्या’ होतं, ‘तुम्ही एवढं उन्हातून वेचलंत’ होतं, आणि अगदी तळाशी ‘आता दुसऱ्यांदा विचारा’ हेही होतं.

नीलाने मान डोलावली आणि टोपी माझ्यापुढे आणली.

आता मी तरी शहाणपणा करायचा. पण माझाही हात आपसूक छातीवर गेला. तिने मान डोलावली. विद्यानेही नको म्हटलं. जोगकाकांनी तर दोन्ही हात जोडले. नीलाने आम्हा चौघांकडे आळीपाळीने पाहिलं, खांदे उडवले, दगडावर बसली आणि एकेक करून सगळी फळं खाल्ली. आम्ही चौघं बघत होतो. शेवटचं फळ खाऊन तिने बोटं चाटली तेव्हा जोगकाकांच्या घशातून जो आवाज आला, तो मौनाच्या नियमात बसणारा नव्हता.

रात्रीच्या डाळीच्या सूपचं तेच झालं. तिने पातेलं पुढे करून भुवया उंचावल्या: आणखी? चार हात चार छातींवर. पातेलं बाजूला झालं, आणि उरलेलं सूप तिने झाकून सकाळसाठी ठेवलं. त्या संध्याकाळच्या सामूहिक ध्यानात चार पोटं आलटून पालटून बोलत होती.

माझ्या आईने मला लहानपणी हे पक्कं शिकवलं होतं. कुणाकडे गेलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर आईकडे बघायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर घ्यायचं, आणि तेही अर्धं. नियम मोडला तर दंडाला चिमटा. पुष्कळ वर्षं मला तो नुसता ढोंगीपणा वाटायचा. पण त्या संध्याकाळी रिकाम्या पोटी, दुसरा काही उद्योग नसताना, मला त्यातली खरी गोष्ट उमगली. ज्या घरात लाडू चारच असतील आणि पाहुणे पाच येतील, त्या घरच्या बाईला मोकळं व्हायला वाट ठेवायची असते. पहिला नकार पाहुणा तिच्यासाठी देतो. लाडू असतील तर ती पुन्हा विचारते, नसतील तर आवरून घेते, आणि कुणाचीच मान खाली जात नाही. कमी असलेल्या घरांनी एकमेकांसाठी शोधून काढलेली ही रीत आहे.

फक्त ती दोघांना माहीत असावी लागते. एकालाच माहीत असेल तर तो उपाशी राहतो.

रविवारी सकाळी मी सुधारलो. नीलाने पॉरिजचं पातेलं उचलल्याबरोबर मी वाटी पुढे केली. विद्याने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मग स्वतःचीही केली. जोगकाकांनी अर्धा मिनिट तत्त्वांशी झगडून शरणागती पत्करली. एकटा मिलिंद छातीवर हात ठेवून बसला होता. नागपूरच्या घरात वाढलेला माणूस, जिथे पाहुण्याला उठू न देणं हा खेळच असतो. तिथे ‘नको’ हे जेवणाच्या मध्यावर म्हणायचं असतं, शेवटी नाही. त्याला दुसरी भाषा येत नव्हती, आणि जी येत होती ती आमच्या मौनात बंद झाली होती.

त्याच दिवशी दुपारी ते झालं.

तंबूंच्या मागे एक उंच डोंगर होता आणि नकाशावर त्याच्या माथ्याशी निळा ठिपका होता, तळं. सगळे विसावले होते. नीला उठली, नकाशा घेऊन मिलिंदपाशी आली, त्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं, मग स्वतःकडे बोट केलं, मग त्याच्याकडे. भुवया उंचावल्या. येतोस?

विद्याने माझं मनगट धरलं.

मिलिंदचा चेहरा असा उजळला की मला वाटलं झालं. आणि मग, देवाशपथ सांगतो, त्याचा हात छातीवर गेला. मान तिरकी झाली. हसू आलं. मान हलली.

नीला क्षणभर थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने नुसती मान डोलावली, नकाशा घडी करून खिशात ठेवला आणि एकटी निघाली.

पुढचा दीड तास मी कधी विसरणार नाही. पिवळ्या उतारावर लाल टोपी लहान लहान होत वर चालली होती, आणि खाली दगडावर माझा मेव्हणा तिच्याकडे बघत बसला होता. तीनदा तो अर्धा उठला. तीनदा बसला. कुणी तरी पुन्हा विचारील म्हणून तो थांबला होता, आणि विचारणारी डोंगरावर होती. विद्याने त्याला एक खडा मारला, मग दुसरा. हातांनी ‘जा, जा’ केलं. त्याने हातांनीच विचारलं: आता? नकार देऊन झाल्यावर? आगाऊपणा नाही का होणार? हे सगळं दोन तळहातांनी कसं विचारता येतं, मला माहीत नाही, पण भाऊ-बहिणींना येतं. जोगकाका डोळे मिटून बसले होते. त्यांच्या कपाळावर मात्र लाल सिग्नल लागला होता.

ती परत आली तेव्हा ओल्या केसांतून पाणी गळत होतं. पोहून आली होती. ती आमच्याकडे बघून हसली, मिलिंदकडेही बघून हसली, अगदी आम्हा सगळ्यांकडे बघून हसली तितकंच. त्यानंतर तिने त्याच्यापुढे काही धरलं नाही. त्याने नाही म्हटलं होतं. ती त्याच्या नाहीचा मान राखत होती.

सोमवारी दुपारी मौन सुटणार होतं आणि त्यानंतर दोन तासांत गाड्या सुटणार होत्या, तिची कार्डिफकडे, आमची हॅरोकडे. त्यापुढे सप्टेंबर होताच.

खरं सांगायचं तर सोमवारची पहाट त्या सगळ्या फेरीतली सर्वांत सुंदर होती. मी गवतात बसलो होतो. वारा उताराच्या त्या टोकाला उठायचा, सगळं पिवळं रान आडवं करत माझ्यापर्यंत यायचा, माझ्यावरून जायचा आणि मागे नाहीसा व्हायचा. बॉयलर आठवला नाही, वडे आठवले नाहीत. विचार संपले की थकले, कोण जाणे. थोडा वेळ मी नुसता होतो. मग विद्या शेजारी येऊन बसली आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं तिलाही तेच जाणवतंय. नंतर कळलं की ती मिल्याला काय काय बोलायचं त्याची उजळणी करत होती.

बारा वाजता जोगकाकांनी घड्याळ पाहिलं, तीनदा ‘शांतिः’ म्हटलं आणि मौन सुटलं. अडीच दिवसांच्या साधनेनंतर माझ्या बायकोच्या तोंडून पहिले शब्द पडले ते असे:

“मिल्या, गाढवा.”

जोगकाकांनी डोळे पुन्हा मिटून घेतले.

“काय झाला?” नीलाने स्टोव्हवरून मान वर करून विचारलं.

“नीला, तू ऐक. हा जो आहे ना, याने काल तुला—”

“ताई, तू थांब,” मिलिंद म्हणाला. त्याने ताईला थांब म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. विद्यानेही. त्यामुळे ती खरंच थांबली.

तो नीलासमोर जाऊन बसला. “तुम्ही काल विचारलं ना, वर येता का म्हणून. मला यायचं होतं.”

“पण तू नाही म्हटला.”

“हो.”

“हो म्हणजे? यायचं होता की नव्हता?”

“यायचं होतं. ते पहिलं नाही होतं ना.” त्याने आधारासाठी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. “आमच्याकडे पहिलं नाही धरत नाहीत.”

“मग कितवा धरतात?”

“तिसरं.”

नीलाने मामांकडे पाहिलं. “मामा, हे ट्रू आहे?”

“शंभर टक्के,” जोगकाका म्हणाले. “परवाची ती फळं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.”

आम्ही हसलो. नीला हसली नाही. तिने हळूच स्टोव्ह बंद केला.

“माझा आई असाच करते,” ती म्हणाली. “केक कट केला की नेहमी नको म्हणते. बर्थडेला पण. मला वाटायचा, तिला गोड आवडत नाही.” मग स्टोव्हकडेच बघत: “थर्टी फाइव्ह इयर्स मी तिला एकदाच विचारते.”

विद्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“पण लिसन,” नीला मिलिंदकडे वळली. “मला ते जमत नाही. पेशंटला मी विचारते, पाय उचलू का? तो नो म्हटला तर नो. परत परत विचारला तर मला वाटते मी जबरदस्ती करते. आईला विचारीन. आई आहे. पण बाकी सगळ्यांना मी एकदाच विचारणार.”

“बरोबर आहे तुमचं,” मिलिंद म्हणाला.

चहा झाला. त्याला तिने विचारलाच नाही, कप हातात दिला. सामान बांधून झालं. नीलाने रकसॅक पाठीवर घेतली आणि हात करून दाखवलं: खाली कार पार्ककडे सरळ वाट, एक तासाची, जोगकाकांना माहीत असलेली. दुसरी वरून, तळ्याच्या काठाने, तीन तासांची.

“मी वरून जाणार,” ती म्हणाली. आणि मिलिंदकडे वळून: “येणार?”

कुणी हललं नाही. चंडोलसुद्धा गप्प झाला, किंवा मला ऐकू येईना. मिलिंदचा उजवा हात उचलला गेला. छत्तीस वर्षांची सवय त्या हाताला धरून वर नेत होती, पोटापर्यंत, पोटाच्या वर. विद्याने डोळे मिटले. मग तो हात वाटेतच थांबला, काय करावं ते न कळून हवेत तसाच राहिला, आणि मिलिंद म्हणाला, “हो.”

इतक्या मोठ्याने म्हणाला की उतारावरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

“गुड. बॅग ठेव, फास्ट चालायचं आहे,” नीला म्हणाली.

“भाऊजी, माझी बॅग जमेल ना तुम्हाला?”

“नाही,” मी म्हणालो, अगदी मनापासून. त्याने ते माझं पहिलं नाही समजून बॅग माझ्या पायाशी ठेवली आणि तो गेला.

माझ्या टाचेची कथा ती एवढीच. एक रकसॅक पाठीवर, एक पोटावर, पायाखालचं दिसत नाही अशा अवस्थेत मी ते वाळवंट उतरलो. पण मला त्या उताराचं काही वाटलं नाही. मागे वळून पाहिलं की दोन ठिपके दिसायचे, एक लाल आणि एक मिलिंदच्या निळ्या शर्टाचा, आणि त्यांतलं अंतर दर वेळी कमी झालेलं असायचं. विद्या पुढे चालत गुणगुणत होती. जोगकाका मला म्हणाले की एकंदरीत साधना चांगली झाली. मी म्हटलं, झाली, पण कुणाची ते ठरवावं लागेल.

पुढचं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. सप्टेंबरात मिलिंद नागपूरला गेला तो परत यायचं ठरवून. डिसेंबरात नीला तिकडे गेली, सासूबाई जे वाढतील ते पहिल्या विचारण्यालाच घेत गेली, आणि आग्रहाला जागाच न उरल्यामुळे सासूबाई वाढणं हातात धरून हतबल उभ्या राहिल्या. आता ती दोघं कार्डिफला असतात. भांडतात, न भांडायला काय झालं. पण ‘मला वाटलं तुला नको असेल’ हे वाक्य त्यांच्या भांडणात कधी ऐकू येत नाही.

तरी असा सुका उन्हाळा आला की माझं मन कार्डिफपर्यंत जात नाही. ते त्या मातीच्या कार पार्कमध्ये अडतं. जोगकाका पुढच्या सीटवर घोरतायत. मी गवतात पाय पसरून बसलोय, विद्या स्टीलचा डबा काढून चिवडा खातेय आणि मला एकदाही विचारत नाहीये. आणि डोंगराच्या वळणामागून, माणसं दिसण्याच्या कितीतरी आधी, बोलणं ऐकू येतं. मिलिंदचं. थांबतच नाही असं, वाळ्याचं, कूलरचं, काय काय, आणि मध्ये नीलाचं हसणं.

ती दोघं आली. निरोप झाले. नीलाने विद्याला मिठी मारली, मामांना हलवून उठवलं, मला टाचेवर बर्फ ठेवायला सांगितलं. मिलिंदशी हात मिळवला, जरा जास्त वेळ. मग तो आमच्या गाडीत मागे बसला आणि ती तिच्या छोट्या गाडीत. तिने इंजिन सुरू केलं.

मिलिंदने दार उघडलं आणि तो खाली उतरला.

“मिल्या, उद्या तुझं ऑफिस—” विद्या सुरू झाली. मी माझ्या दुखऱ्या टाचेने तिच्या पायावर पाय दिला.

तो नीलाच्या खिडकीशी जाऊन वाकला. “मी तुझ्याबरोबर कार्डिफपर्यंत येऊ का?”

नीलाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने स्टिअरिंगवरचा हात उचलून छातीवर ठेवला, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाली, “नको, नको. तुला कशाला त्रास?”

मिलिंदचा चेहरा पडला. पूर्ण पडला. तो सरळ उभा राहिला, एक पाऊल मागे आला. मग त्याला तिच्या ओठांचा कोपरा दिसला असावा.

“त्रास कसला? येतो ना.”

“नको रे. उगाच लांब पडेल.”

जोगकाकांनी एक डोळा उघडला. विद्याचा चिवड्याचा घास हातातच राहिला होता.

“येऊ?” मिलिंदने विचारलं.

नीलाने पलीकडे हात लांबवून डाव्या बाजूचं दार उघडलं आणि सीटवरचा नकाशा उचलून मागे टाकला.